मनातली अढी आणि बुद्धघोषांची औषधं

श्रावस्तीत वेदेहिका नावाची एक गृहिणी राहत होती. अतिशय सौम्य, कधी कोणावर आवाज न चढवणारी, असा तिचा गावभर लौकिक. तिच्याकडे काली नावाची दासी होती, कामाला एकदम चोख. एकदा कालीच्या मनात आलं, आपली मालकीण खरंच शांत आहे, की मी सगळं वेळच्या वेळी करते म्हणून तिला रागवायची पाळीच येत नाही? ती मुद्दाम उशिरा उठली. मालकिणीच्या कपाळाला आठी पडली. पुढच्या वेळी आणखी उशीर केला, तेव्हा तोंडातून वेडेवाकडे शब्द निघाले. तिसऱ्या वेळी त्याहून उशीर झाला, तशी वेदेहिकेने दाराच्या अडसराची खीळ उचलली आणि कालीच्या डोक्यात घातली. रक्ताळलेल्या डोक्याने काली शेजारीपाजारी गेली आणि वर्षानुवर्षांचा लौकिक त्या सकाळीच संपला.

मज्झिमनिकायातल्या ककचूपम सुत्तात बुद्ध ही गोष्ट भिक्खूंना सांगतात. भिक्षा वेळेवर मिळते आणि लोक गोड बोलतात तोवर शांत राहणं म्हणजे शांती नव्हे, हा तिथला मुद्दा. मला त्यात काली जास्त आवडते. मालकिणीबद्दल ऐकीव मत धरून न बसता तिने ते तपासून पाहिलं. किंमत मात्र तिलाच मोजावी लागली.

हा लेख खीळ उचलण्याच्या क्षणाबद्दल नाही. तो भडका येतो आणि जातो. त्रास देतो तो मागे उरणारा राग. भावाने वाटणीच्या वेळी चलाखी केली. जाऊ लग्नघरात चारचौघांत टाकून बोलली. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने पार्किंगवरून अपमान केला. घटना दहा मिनिटांची, पण ती दहा वर्षं जेवताना, आंघोळ करताना, रात्री अडीचला जाग आल्यावर चालूच राहते. अंगुत्तरनिकायात रागाच्या तीन जाती सांगितल्या आहेत: काहींचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, काहींचा मातीवरच्या, काहींचा पाण्यावरच्या. आपल्याला जमेल तेवढं काम आहे ते दगडावरची रेघ मातीवर आणण्याचं. पाण्याचं पुढे बघू.

या कामाचा सगळ्यात तपशीलवार आराखडा ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात तो लिहिला. त्याचं नववं प्रकरण मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचं. मराठी माणसाचं या ग्रंथाशी जवळचं नातं आहे. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी आयुष्याचा मोठा काळ त्याच्या पाठशुद्धीत घालवला. त्यांनी संपादलेली देवनागरी प्रत 1940 साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने छापली आणि हार्वर्डची प्रत ते गेल्यावर तीन वर्षांनी, 1950 साली निघाली. ग्रंथ जाडजूड आणि बराचसा भाग ध्यानी भिक्खूंसाठी आहे. पण रागाचा भाग वाचताना जाणवतं, की लिहिणाऱ्याने माणसं जवळून पाहिली आहेत. एका उपायाने राग जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो एक औषध देतो, गुण आला नाही तर दुसरं, मग तिसरं, असं करत शेवटपर्यंत जातो.

औषधाआधी रोगाविषयी थोडं. अभिधम्मात, म्हणजे बौद्ध मानसशास्त्राच्या मूळ चौकटीत, रागाचं चित्त नेहमी दौर्मनस्यासह येतं. राग आणि सुख एका चित्तक्षणात नांदूच शकत नाहीत. मग मनातल्या मनात समोरच्याला सुनावताना जी मजा येते ती कुठली? ती वेगळ्या क्षणांची, लोभाच्या जातीची. राग जाळतो आणि लगेच मागून लोभ येऊन त्या जळण्यावर गूळ ठेवतो. इतक्या भराभर हे होतं, की आपल्याला राग गोड वाटतो. याच द्वेषाच्या कुळात अभिधम्माने मत्सर, कंजूषपणा आणि ‘कुक्कुच्च’ही घातलं आहे. कुक्कुच्च म्हणजे केलेल्या, न केलेल्या गोष्टींवरून स्वतःला खात बसणं. तेव्हा ‘मला कोणाचाच राग येत नाही, मी फक्त स्वतःलाच दोष देतो’ असं म्हणणाऱ्याने सुटलो असं समजू नये.

राग बाहेर काढला की मन हलकं होतं, हा समज फार पसरलेला आहे. उशी बडवा, ओरडा, मोकळे व्हा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले आढळले. काहीही न करता बसून राहिलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता. आतल्या आत दाबणं वेगळं आणि उजळणी थांबवणं वेगळं. बुद्धघोषांचे सगळे उपाय उजळणी मोडण्याचे आहेत.

आता प्रत्यक्ष बसायचं कसं ते पाहू. सकाळी घर जागं होण्याआधी पंधरा-वीस मिनिटं काढता आली तर उत्तम. मांडी घालून जमत नसेल तर खुर्चीवर बसा, पाठ ताठ पण अंग सैल. डोळे मिटल्यावर आधी शरीर तपासा: जबडा आवळलेला आहे का, छातीत धग आहे का, खांदे कानांपर्यंत चढलेत का. नुसतं पाहा, दुरुस्त करायला जाऊ नका. मग पहिली व्यक्ती घ्यायची. ती व्यक्ती म्हणजे आपण स्वतः.

इथे आपल्याकडची बरीच मंडळी अडखळतात, विशेषतः बायका. सगळ्यांचं झाल्यावर स्वतःचं बघायचं, हे हाडात मुरलेलं असतं. पण बुद्धघोष स्वतःपासून सुरुवात करायला सांगतात ती लाड म्हणून नव्हे, साक्षीपुराव्यासाठी. मला सुख हवंसं वाटतं, दुःख नकोसं वाटतं, हे मला स्वतःच्या अनुभवातून पक्कं माहीत आहे. तसंच समोरच्यालाही वाटत असणार, या विधानाला तोच एक आधार. स्वतःबद्दलची मैत्री शंभर वर्षं केली तरी तेवढ्याने ध्यानाची खोल अवस्था येणार नाही, हेही ते सांगून ठेवतात. तेव्हा इथे मुक्काम करायचा नाही. स्वतःच्या शब्दांत, आपण घरात बोलतो त्या मराठीत, दोन-तीन वाक्यं पुरेत: मला बरं वाटू दे, माझं कोणाशी वैर नसू दे, आजचा दिवस मला नीट झेपू दे. शब्द घोकत बसू नका. एक वाक्य, मग थोडा वेळ नुसतं त्या भावनेत राहा, मग पुढचं. स्वतःपाशी काही केल्या ऊब वाटतच नसेल, तर पुढच्या पायरीवर जाऊन मागे या. हल्लीचे अनेक ध्यानशिक्षक असंच करवून घेतात आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसरी व्यक्ती आदराची. शाळेतल्या बाई, एखादी मावशी, पहिल्या नोकरीत सांभाळून घेणारे साहेब. त्यांनी केलेली एखादी ठरावीक गोष्ट आठवा. ‘त्या फार चांगल्या होत्या’ एवढ्याने काही हलत नाही. बाईंनी परीक्षेची फी स्वतःच्या पर्समधून भरली होती, हे आठवलं की हलतं. मात्र ती व्यक्ती हयात असावी, असं बुद्धघोषांचं स्पष्ट म्हणणं आहे. आपल्या आचार्यांना डोळ्यांसमोर धरून एक भिक्खू बसला होता, त्याचं ध्यान काही केल्या लागेना. आचार्य वारल्याचं कळल्यावर त्याने दुसरी व्यक्ती घेतली, तेव्हा ते लागलं. गेलेल्या आईवडिलांची आठवण काढायला कोणी अडवत नाही, पण त्या आठवणीत शोक मिसळतो आणि सराव बाजूला राहतो.

जिच्याविषयी किंवा ज्याच्याविषयी शारीरिक ओढ आहे, ती व्यक्तीही सुरुवातीला घ्यायची नाही. यावरची गोष्ट मजेदार आहे. मैत्रीभावना कोणावर करावी, असं एका तरुणाने घरी येणाऱ्या थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंना, विचारलं. जी व्यक्ती प्रिय असेल तिच्यावर, असं त्यांनी सांगितलं. त्याला बायको प्रिय होती. तो खोलीत बसला, मैत्री करता करता भलतीच ओढ लागली, आणि बिचारा रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला. इतका आंधळा झाला होता, की दारच सापडेना! मैत्रीचा जवळचा, तिच्यासारखाच भासणारा शत्रू राग, म्हणजे आसक्ती, असं शास्त्र सांगतं ते हेच. पालीत ‘राग’ म्हणजे आसक्ती. आपण ज्याला राग म्हणतो तो तिथला दोस किंवा पटिघ.

यानंतर जवळचा मित्र, आणि मग तटस्थ व्यक्ती. माझ्या मते सगळ्या शिडीतली सर्वांत कामाची पायरी हीच. रोज दिसणारा, पण ज्याच्याबद्दल आपल्याला बरंवाईट काहीच वाटत नाही असा माणूस घ्या: गेटवरचा वॉचमन, डेअरीवरचा मुलगा, रोजच्या एसटीचा कंडक्टर. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि तीच वाक्यं त्याच्यासाठी म्हणा. पहिले काही दिवस कोरडं वाटेल. कधीतरी मग दूध घेताना त्या मुलाच्या बोटाला चिकटपट्टी दिसते आणि ‘काय रे, काय झालं?’ असं तोंडून निघतं. तो इतके दिवस समोर होता, आपण पाहिलं नव्हतं. ज्या माणसाशी देणंघेणं नाही त्याच्याबद्दल मन हलू लागलं, की मनाची ही हालचाल आपल्या हातात असते याचा पुरावा मिळतो. शत्रूपाशी जाण्याआधी तो पुरावा गाठीला हवा.

शत्रू सगळ्यात शेवटी. तोही सर्वांत मोठा नको. कोर्टात केस चालू असलेला भाऊ सोडा, ऑफिसात कुजकट बोलणारा सहकारी घ्या. कोणी शत्रूच नसेल तर या पायरीच्या भानगडीत पडू नका, शोधून आणू नका, असंही बुद्धघोष म्हणतात. आणि बहुतेकांचं होतं तसं झालं, म्हणजे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येताच जबडा आवळला, छाती तापली, तर औषधांची पेटी उघडायची.

पहिलं औषध साधं: मागच्या व्यक्तींकडे परत जा, तिथे मन मऊ होऊ दे, मग पुन्हा या. दहातल्या सहा वेळा एवढंच पुरतं असं मी म्हणेन, पण तो माझा अंदाज झाला. नाही पुरलं तर ककचूपम सुत्त आठवा असं ते सांगतात. चोरांनी करवतीने हातपाय कापले तरी जो मनात द्वेष आणील तो माझा अनुयायी नव्हे, असं बुद्धांनी तिथे म्हटलं आहे. खरं सांगायचं तर गृहस्थाला हे औषध फार कडक आहे. बहुतेकांना त्याने स्वतःचीच लाज वाटते, म्हणजे पुन्हा कुक्कुच्च. पुढे चला.

पुढचं औषध हिशेबी आहे आणि हिशेबी माणसांना लागू पडतं. शत्रूला आपल्याबद्दल काय हवं असतं? याचा चेहरा उतरावा, याला झोप लागू नये, याचे धंदे बुडावेत, पैसा जावा, नाव जावं, मित्र तुटावेत, मेल्यावरही याचं भलं होऊ नये. अंगुत्तरनिकायातली ही सात इच्छांची यादी बुद्धघोष उतरवून देतात. रागावलेला माणूस यातलं बहुतेक काम स्वतःच्या हाताने उरकून टाकतो. तिकडे सेक्रेटरी मजेत झोपलेला असतो आणि इकडे आपण अडीच वाजता त्याच्यासाठी मुद्दे काढतो.

राग म्हणजे दुसऱ्यावर फेकायला हातात धरलेला निखारा, हे वचन बुद्धांच्या नावावर व्हॉट्सअॅपवर सारखं फिरत असतं. त्याचं मूळ याच प्रकरणात, म्हणजे बुद्धघोषांपाशी सापडतं. त्यांनी निखाऱ्याच्या जोडीला विष्ठाही लिहिली आहे: फेकण्याआधी आपलाच हात घाण होतो. फुलांच्या चित्रावर ते शोभत नाही, म्हणून गळलं असावं.

समोरच्यातला चांगला अंश शोधण्याचा उपाय मूळ बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांचा आहे. काहींची वागणूक वाईट पण बोलणं बरं असतं, काहींचं उलटं, काहींचं मन मधूनमधून निर्मळ होतं. गाईच्या खुराच्या खळग्यात साचलेलं पाणी ओंजळीने घ्यायला गेलं तर गढूळ होईल, म्हणून तहानलेला माणूस गुडघे टेकून, वाकून तेवढंच पिऊन जातो, अशी उपमा तिथे आहे. वाटणीत चलाखी करणाऱ्या भावाने आई आयसीयूत असताना रात्री बाकड्यावर काढल्या होत्या. हे आठवल्याने सातबाऱ्यावरची नोंद सरळ होत नाही आणि व्हायचीही गरज नाही. तहसीलचं काम तहसीलमध्ये होईल. फक्त ‘तो’ म्हटल्याबरोबर मनात जो एकच चेहरा येतो, त्याच्या शेजारी दुसरा आणून बसवायचा. काहीही चांगलं सापडलंच नाही, तर असा माणूस मेल्यावर नरकाची दुःखं भोगणार म्हणून त्याची कीव करा, असं ग्रंथ सांगतो. ही कीव चिडून करायची नाही एवढंच.

मग येतात तत्त्वज्ञानाची औषधं. ज्या पंचस्कंधांनी, म्हणजे माणूस ज्या शरीर-मनाच्या पाच घटकांचा बनतो त्यांनी, तुला दुखावलं ते त्याच क्षणी निरुद्ध झाले, आता समोर आहेत ते दुसरेच, मग राग कोणावर? हा तर्क बिनचूक आहे, पण मला तो परीक्षेच्या उत्तरासारखा वाटतो: पटतो, राग तिथेच असतो. प्रत्येक जण आपल्या कर्माचा धनी, हे सूत्र. अनादी संसारात जो कधी आपली आई नव्हता असा प्राणी सापडणं कठीण, हे सूत्र. ज्यांना यांची गोडी आहे त्यांनी जरूर घ्यावीत. जातककथांचं औषध मात्र डोळ्यांनी घेता येतं. शिकाऱ्याने बाण मारल्यावरही स्वतःचे सुळे त्याला देऊन टाकणारा षड्दंत हत्ती अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आहे आणि सतराव्यातही. बुद्धघोष ज्या पूर्वजन्मांची उदाहरणं देतात त्यात तो आहे. वेरूळ-अजिंठा एका दिवसात उरकणाऱ्यांनी निदान त्या भिंतींपुढे थोडं थांबावं.

शरीराच्या विभाजनाचा उपाय विचित्र वाटतो, पण करून पाहण्यासारखा आहे. त्या माणसाच्या नेमक्या कशावर राग आहे? केसांवर? नखांवर? दातांवर? कातडीवर? बौद्ध ग्रंथांत शरीराचे बत्तीस भाग मोजतात. ओळीने विचारत गेलात तर प्लीहेपर्यंत पोचण्याआधी बहुतेक हसू येतं. रागाला टिकायला एक सबंध, ठाम माणूस लागतो. त्याचे तुकडे मांडले की रागाला बसायला जागा उरत नाही.

आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर? शेवटचं औषध ध्यानातलं नाही, हाताने करायचं आहे. त्या माणसाला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्या. चित्तलपर्वत विहारातली गोष्ट आहे. मनात आकस धरलेल्या एका थेराने एका भिक्खूला तीन वेळा त्याच्या राहण्याच्या जागेवरून उठवलं. भिक्षेवर जगणाऱ्या माणसाकडे द्यायला असणार काय? त्याने आपलं भिक्षापात्र त्या थेरांपुढे धरलं. हे आठ कहापण नाण्यांचं पात्र माझ्या आईने दिलेलं आहे, ती उपासिका आहे, सरळ मार्गाने मिळालेलं आहे. हे घ्या, तिला पुण्य लाभू दे, अशा अर्थाचं तो बोलला. दान दिल्याने देणाऱ्याचा राग उतरतो आणि घेणाऱ्याच्या मनात जन्मोजन्मीचा राग असला तरी तो त्या क्षणी शमतो, असं बुद्धघोष म्हणतात. यात एक बारीक गोष्ट पाहा. भिक्खूने स्वतःचा मोठेपणा मध्ये आणलाच नाही, आईचं पुण्य मध्ये आणलं. त्यामुळे समोरच्याला घेताना कमीपणा आला नाही.

आपल्याकडे याला सोय तयार आहे. दिवाळीत ज्या घराशी बोलणं बंद आहे तिथे फराळाचं ताट पाठवा. मुलाच्या हाती पाठवा, सोबत निरोप, स्पष्टीकरण काही नको. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत त्यांच्या घरीही असतेच, त्यामुळे ताटात चार लाडू येतील. ते आले तर खा. नाक मुरडून कामवालीला देऊ नका. घेणं हाही औषधाचा भाग आहे. ताट रिकामं आलं तरी आपल्या बाजूचं काम झालेलं आहे. मात्र देताना फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकलात, तर ते दान न राहता पुरावा होतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मैत्री म्हणजे सोसत राहणं नव्हे, आणि हे आमचं आजचं म्हणणं नाही, त्याच प्रकरणात आहे. ध्यानी माणूस, त्याचा प्रिय, एक तटस्थ आणि एक शत्रू असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक जण मागतात. ध्यानी माणसाने शत्रूकडे बोट दाखवलं तर मैत्री पुरी झाली नाही, हे उघड आहे. पण ‘मला न्या’ असं म्हटलं तरीही ती पुरी झालेली नाही, असं बुद्धघोष म्हणतात. चौघांपैकी कोणीच देण्यासारखा दिसत नाही तेव्हाच आपल्या-परक्याच्या सीमा मोडल्या. घरातल्या शांततेसाठी वर्षानुवर्षं स्वतःला दरोडेखोरांच्या हवाली करणाऱ्यांनी हा उतारा नीट वाचावा.

अन्यायाविरुद्ध लढायलाही यातून बंदी येत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये अहिंसा हे तत्त्व म्हणून मांडली, आंधळा नियम म्हणून नव्हे, आणि करुणा माणसांपुरती, तर मैत्री सर्व जीवांसाठी, असं सांगून मैत्रीला करुणेच्या पुढे नेलं. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींवर हल्ला झाला. त्या वेळी बाबासाहेब बौद्ध नव्हते, तेव्हा त्या प्रसंगावर मैत्रीभावनेचं लेबल लावायचं कारण नाही. पण त्यांनी आपल्या लोकांना उलट मारहाण करू दिली नाही, आणि तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात 17 मार्च 1937 ला जिंकला. दहा वर्षं लढा चालवायला लागणारं डोकं रागाने तापलेलं असून चालत नाही. म्हणून केस चालू ठेवा, तक्रार अर्ज द्या, सोसायटीच्या सभेत मुद्दा मांडा. रात्री अडीचची सभा तेवढी बंद करा.

घरात मारहाण होत असेल तर ध्यान हा उपाय नाही. आधी सुरक्षित जागा. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक आहेत. मन सतत बुडत असेल, जगणं नको वाटत असेल, किंवा डोळे मिटताच जुना भयंकर प्रसंग उसळून येत असेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारची ‘टेलि मानस’ सेवा 14416 वर आहे. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर लांबच्या निवासी शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि शिबिराच्या फॉर्मवर काही लपवू नका. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या गोएंका परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरात मैत्रीची साधना अगदी शेवटी, दहाव्या दिवशी येते. आधीचे दिवस श्वास आणि संवेदना पाहण्याचे. घरी बसून मैत्री करायला मात्र शिबिराची वाट पाहायचं कारण नाही.

एक सावधगिरी शेवटी. काही आठवड्यांनी ‘मला त्याच्याबद्दल आता काहीच वाटत नाही’ असं वाटू लागलं तर लगेच खूश होऊ नका. उपेक्षेचाही जवळचा शत्रू आहे: अज्ञानातून आलेली बेफिकिरी. तिची परीक्षा सोपी आहे. त्या माणसाला बढती मिळाल्याची बातमी कोणीतरी सांगेल, तेव्हा पोटात काय होतं ते पाहा. प्रगती मोजायची तर झोपेवरून मोजा. मैत्रीचे अकरा फायदे सांगितले आहेत, त्यातले पहिले तीन झोपेबद्दलचे: नीट झोप लागते, नीट जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत. महिनाभरात रात्रीच्या भांडणाचा वेळ कमी झालेला नसेल, तर शत्रू बदला, एक पायरी खाली उतरा, किंवा पेटीतलं दुसरं औषध घ्या.